फराळ पोचतो, भाकरी राहते

घरातलं कुणी शिकायला किंवा नोकरीला परदेशी निघालं की आठवडाभर आधीच वजनकाटा बाहेर येतो. विमान कंपनी बहुधा एका बॅगेत २३ किलो नेऊ देते. त्यात मेतकूट, गोडा मसाला, थालीपिठाची भाजणी, जवसाची आणि शेंगदाण्याची चटणी, बेसनाचे लाडू, चकल्या आणि तीन पिशव्यांत गुंडाळलेली लोणच्याची बरणी यांची जागा आधी ठरते. कपडे उरलेल्या जागेत बसतात. दोन-तीन महिने जातात. मग फोनवर जेवणाचा विषय निघतो, तेव्हा बॅगेत भरलेल्या या जिनसांपैकी कशाचंच नाव येत नाही. आठवण निघते तव्यावरून थेट ताटात आलेल्या भाकरीची, पिठल्याची, लिंबू पिळलेल्या वरणभाताची, कवडीसारख्या दह्याची, अळूच्या फतफत्याची.

परदेशातल्या मराठी माणसाला सणाचं खाणं मिळतं, उणं पडतं ते रोजचं. दिवाळीच्या आधी दादर, गिरगाव, पुणे इथून फराळाची खोकी जगभर रवाना होतात. लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९३२ सालची. आता अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या शहरांतही मंडळं आहेत आणि गणपतीला तिथे मोदक, पाडव्याला श्रीखंड पानात पडतं. आपल्याकडे ज्याला कुणी पदार्थ म्हणून मोजतसुद्धा नाही, तेच तिथे दुर्मीळ होऊन बसतं. याची कारणं गिरणीत, दुधाच्या डेअरीत, नळाच्या पाण्यात आणि सरकारी नियमांच्या पुस्तकांत सापडतात. बहुतेक कारणं समजून घेता येतात आणि काहींवर इलाजही आहे.

फराळ टिकतो त्याचं कारण पाणी. अन्नात जिवाणू आणि बुरशी वाढायला मोकळं पाणी लागतं. शास्त्रज्ञ हे मोकळं पाणी शून्य ते एक अशा मापात मोजतात, ते ०.६ च्या खाली गेलं की कोणताही सूक्ष्मजीव वाढू शकत नाही. चकली तळताना तिच्यातलं पाणी वाफ होऊन निघून जातं. लोणच्यातलं पाणी मीठ धरून ठेवतं, मोरांब्यातलं साखर. भाजणीची गोष्ट मला सगळ्यांत हुशारीची वाटते. धान्याच्या अंकुरात तेल असतं आणि ते तेल फोडणारी विकरंही असतात. धान्य दळलं की दोघांची गाठ पडते आणि पीठ हळूहळू खवट होत जातं. भाजणीसाठी धान्य आणि डाळी आधी खमंग भाजतात, त्या उष्णतेत ही विकरं निकामी होतात आणि मग दळण होतं. म्हणून भाजणी महिनोन् महिने राहते. बाजरीचं कच्चं पीठ मात्र पंधरा दिवसांत कडू लागतं, कारण बाजरीत तेलाचं प्रमाण इतर तृणधान्यांच्या मानाने बरंच जास्त असतं. ज्या बायकांनी भाजणी आणि मेतकूट घडवलं त्यांनी विकर हा शब्द ऐकलेला नव्हता. पण धान्य न भाजता दळलं तर काय होतं हे त्यांना नेमकं माहीत होतं.

भाकरीला यातलं काहीच करता येत नाही. ज्वारी भाजून दळली तर भाकरी होत नाही.

गव्हाच्या कणकेला ग्लुटेनचा चिकटपणा असतो. ज्वारीत ग्लुटेन नाही. तिचं पीठ एकत्र राहतं ते पिष्टाच्या जोरावर, आणि पीठ ताजं असेपर्यंतच. जुन्या पिठाची विरी गेली असं आपण म्हणतो ते यालाच: भाकरी थापताना कडा फाटतात, उचलताना मोडतात, तव्यावर पडली तरी पापुद्रा सुटत नाही. खेड्यात दर दोन-चार दिवसांनी दळण नेण्याची पद्धत होती तिला म्हणूनच अर्थ होता. आणि आता हा विरोधाभास पाहा. जगात सगळ्यांत जास्त ज्वारी पिकवणारा देश अमेरिका आहे, आणि तिथलं कॅन्सस राज्य त्यात पहिलं. तिथे राहणाऱ्या मराठी माणसाच्या गाडीच्या दोन्ही बाजूंना मैलोन् मैल ज्वारी उभी असते. ती बहुतांशी लालसर दाण्याची असून जनावरांच्या खाद्याला, इथेनॉलला आणि निर्यातीला जाते. मंगळवेढ्याच्या किंवा सोलापूरच्या रब्बी मालदांडीचा मोत्यासारखा दाणा आणि गोडसर चव तिला नाही. दुकानात ज्वारीचं पांढरं पीठ मिळतं, पण ते ग्लुटेन न चालणाऱ्यांच्या केक-बिस्किटांसाठी दळलेलं असतं आणि फडताळावर येण्याआधी किती महिन्यांचं झालं ते कळायला मार्ग नसतो.

यावर जुना उपाय आहे आणि तो शास्त्रालाही पटतो. पिठात आधण ओतायचं. साधारण ७० अंशांच्या वर ज्वारीतलं पिष्ट पाणी पिऊन फुगतं आणि चिकट होतं. तेवढ्यावर जुनं पीठही धरून राहतं. झाकून ठेवायचं, मग तळहाताच्या टाचेने भरपूर रगडायचं. थापणं जमलं तरी पुढे चूल आडवी येते. भाकरी फुगते ती दोन पापुद्र्यांमध्ये कोंडलेल्या वाफेने, आणि त्या वाफेला एकदम मोठी आच लागते. बऱ्याच परदेशी घरांत विजेची काचेची शेगडी असते, तिला ज्योतच नाही. तिथे लोक भाकरी तव्यावरच फडक्याने दाबून फुगवतात, ओव्हनच्या वरच्या तापत्या तारांखाली धरतात. वांग्याच्या भरताचंही तेच. मिरच्यांचा ठेचा परतायला घेतला तर छतावरचा धुराचा भोंगा वाजतो, म्हणून आधी खिडक्या उघडायच्या आणि मग तवा तापवायचा, हा क्रम नव्याने गेलेल्याला पहिल्याच आठवड्यात कळतो.

पोळीची अडचण निराळी आहे. आपल्याकडच्या चक्कीत दगडांच्या घर्षणाने गव्हाच्या पिष्टाचे कण मोठ्या प्रमाणात चिरडले जातात आणि असे कण पाणी जास्त शोषतात. कणीक सैल भिजते, पोळी मऊ राहते. पाश्चात्त्य गिरणीत पोलादी रुळांमधून गहू जातो. कोंडा, अंकुर आणि आतला पांढरा गर वेगळे होतात आणि सबंध गव्हाचं पीठ हवं असेल तर ते पुन्हा एकत्र करतात. त्यात अमेरिकेतला बराचसा गहू लाल सालीचा, आणि त्या सालीला किंचित तुरट-कडू चव असते. आईच्या मापाने पाणी घालून केलेली पोळी तिथे वातड होते ती हात बिघडला म्हणून नव्हे. आता बहुतेक भारतीय दुकानांत चक्कीवरची कणीक मिळते, त्यामुळे पोळीचा प्रश्न पुष्कळसा सुटला आहे. भाकरीचा सुटलेला नाही.

वरणाकडे येऊ. तूरडाळ आता सगळीकडे मिळते. पूर्व आफ्रिकेतल्या आणि म्यानमारमधल्या तुरीवर भारतही अवलंबून असल्यामुळे पुण्यातल्या आणि लंडनमधल्या कुकरमध्ये एकाच शेतातली तूर शिजत असणं अशक्य नाही. तरी लंडनचं वरण घोटलं जात नाही अशी तक्रार असते, आणि ती खरी आहे. लंडनचं बरंचसं पाणी चुनखडीच्या थरांमधून येतं. त्यातलं कॅल्शियम डाळीच्या पेशींना एकत्र बांधणाऱ्या पेक्टिनला जाऊन घट्ट करतं आणि दाणा फुटत नाही. सह्याद्रीच्या काळ्या कातळावर पडून धरणात साठलेलं पाणी त्यामानाने मृदू असतं. जड पाण्याच्या गावात चिमूटभर खाण्याचा सोडा घातला की डाळ मऊ होते. जास्त झाला तर साबणाची चव येते. भाताचं मात्र सोड्याने भागत नाही. आंबेमोहोराचा वास ज्या द्रव्यामुळे येतो तेच बासमतीतही असतं, पण ते उडून जाणारं आहे आणि तांदूळ साठवून ठेवला की कमी होत जातं. त्यात २० जुलै २०२३ रोजी भारताने बासमती सोडून इतर पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली तेव्हा अमेरिकेतल्या भारतीय दुकानांपुढे रांगा लागल्या आणि पोती काही तासांत संपली. बंदी उठायला सप्टेंबर २०२४ उजाडला. रोजचा भात किती लांबच्या निर्णयावर उभा आहे हे त्या रांगांतल्या लोकांना त्या दिवशी कळलं.

दह्याबद्दल लिहिताना मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण परदेशातल्या स्वयंपाकघरात सगळ्यांत जास्त प्रयोग याच एका गोष्टीवर होतात. दुकानातलं योगर्ट आणि घरचं दही दिसायला भावंडं, पण त्यांच्यात काम करणारे जिवाणू वेगळे. अमेरिकी नियमांप्रमाणे योगर्टमध्ये दोन ठरावीक जिवाणू असावेच लागतात, आणि त्या दोघांना ४२ ते ४५ अंशांची ऊब मानवते. आपल्या घरच्या विरजणात पिढ्यान् पिढ्या ओट्यावर, फडताळात, ऋतूप्रमाणे बदलत राहिलेला मिश्र समाज असतो आणि तो ३० अंशांच्या आसपास सुखाने काम करतो. घरात २० अंश असताना तो आळसावतो. दही लागायच्या आधी दूध नासण्याची भीती. म्हणून कुणी ओव्हनमधला दिवा लावून रात्रभर पातेलं आत ठेवतं, कुणी शालीत गुंडाळतं. दुधात हिरव्या मिरचीचे देठ टाकून विरजण धरवण्याची युक्तीही चालते, कारण देठांवर लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू असतात. दह्यात बुडवून सावलीत वाळवलेला सुती रुमाल घेऊन निघालेली माणसंही आहेत. मला हा सगळ्यांत चांगला सामान-बांधणीचा प्रकार वाटतो: वाळल्यामुळे झोपी गेलेले, आपल्या घराचे म्हणावे असे जिवाणू कोमट दुधात पुन्हा कामाला लागतात.

एवढं करून दही लागतं, पण साय धरत नाही. तिथलं दूध होमोजिनाइज केलेलं असतं, म्हणजे मोठ्या दाबाखाली स्निग्धाचे गोळे इतके बारीक फोडलेले असतात की ते वर तरंगून येत नाहीत. साय नाही म्हणजे सायीचं विरजण नाही, लोणी नाही, ताक नाही, आणि कढवलेल्या लोण्याच्या वासाने घर भरण्याची ती सकाळही नाही. दुकानातल्या लोण्याचं तूप करता येतं, पण तिथलं नेहमीचं लोणी न आंबवलेल्या गोड सायीचं असतं. आपल्या साजूक तुपाच्या वासातला मोठा वाटा विरजणाचा आहे. आंबताना तयार झालेली द्रव्यं कढवताना पुढे येतात. आंबवलेल्या सायीचं लोणी थोडं महाग मिळतं. त्याचं तूप करून पाहिल्यावर बेरीला ओळखीचा वास आला असं सांगणारे लोक मला भेटले आहेत, आणि ते सांगताना त्यांचा आवाज बदललेला होता.

आवाज बदलतो, याचं शरीरातलं कारण असं. चव म्हणून आपण जे ओळखतो त्यात जिभेचा भाग लहान असतो. घास चावताना त्याचा वास घशाच्या मागून नाकात चढतो आणि खरी ओळख तिथे पटते. दृश्य आणि आवाज यांच्या वार्ता मेंदूत आधी एका मधल्या ठाण्यावर जातात. वासाची वार्ता ते ठाणं टाळून भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांपर्यंत जवळच्या वाटेने पोचते. ही ओळख जन्माच्याही आधी सुरू होते. फिलाडेल्फियातल्या मोनेल केमिकल सेन्सेस सेंटरमध्ये ज्युली मेनेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही गरोदर स्त्रियांना शेवटच्या तिमाहीत तीन आठवडे, आठवड्यातून चार दिवस गाजराचा रस प्यायला दिला. काहींना तो बाळंतपणानंतर दिला. काहींना नुसतं पाणी. पुढे बाळांनी वरचं अन्न सुरू केल्यावर गाजराची चव असलेली लापशी त्यांना भरवली. ज्यांनी ती चव पोटात किंवा दुधातून घेतली होती, त्यांनी तोंडं कमी वेडीवाकडी केली. लसूण-खोबऱ्याची फोडणी आवडायला आपण कधी शिकलो हे आपल्याला आठवत नाही, कारण तेव्हा आपण जन्मलेलेही नसतो.

याच फिलाडेल्फियात त्याच्या सुमारे एकशे पंधरा वर्षं आधी आनंदीबाई जोशी शिकत होत्या. १८८३ साली त्या कलकत्त्याहून निघाल्या, न्यू जर्सीतल्या कार्पेंटर कुटुंबाने त्यांना आपलं मानलं, आणि १८८६ साली पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून त्या डॉक्टर झाल्या. शाकाहार त्यांनी सोडला नाही. ज्या देशात तूरडाळ नव्हती, त्या देशातली थंडी आणि परका आहार यांमुळे त्यांची तब्येत खालावत गेली. क्षयाने गाठलं, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या तेव्हा त्यांना २२ वं वर्ष पूर्ण व्हायचं होतं. क्षय उपासमारीने होत नाही. पण अर्धपोटी शरीर त्याच्यापुढे लवकर हरतं, हे आज कोणताही डॉक्टर सांगेल. घरच्या जेवणाची आठवण ही हळव्या मनाची चैन आहे असं कुणी म्हटलं की मला आनंदीबाई आठवतात.

उरतो तो कायद्याचा भाग. दुकान आहे, पैसे आहेत, तरी वस्तू मिळत नाही, याचं कारण पुष्कळदा एखादा किडा असतो. कढीपत्त्यावर वाढणारा एक बारीक तुडतुडा लिंबूवर्गीय झाडांना घातक रोग देतो. अमेरिकेत तो १९९८ साली फ्लोरिडात दिसला, २००५ साली रोगही सापडला आणि संत्र्यांच्या बागा उद्ध्वस्त झाल्या. तेव्हापासून कढीपत्त्याची ताजी पानं आणि रोपं यांच्या येण्याजाण्यावर कडक बंधनं आहेत, आणि ती योग्य आहेत. थंड राज्यांत लोक कुंडी हिवाळ्यात घरात घेतात, पानं गळतात, मार्चपर्यंत काडी उरते, आणि फोडणीत दोनच पानं पडतात. खसखशीचं कारण निराळं. ती अफूच्याच झाडाची बी, म्हणून सिंगापूर आणि संयुक्त अरब अमिरातीत तिला मज्जाव आहे. अनारसे थापायला बसलेल्या दुबईतल्या गृहिणीला तिळावर भागवावं लागतं. गोव्याहून इंग्लंडात, विशेषतः स्विंडनमध्ये, गेलेल्यांना चवरीस हे डुकराच्या मांसाचं सॉसेज सामानात नेता येत नाही, कारण बाहेरच्या देशांतून प्रवाशांनी मांस आणायला तिथे बंदी आहे. वर्सोवा-अर्नाळ्याच्या वलांड्यांवर वाळणाऱ्या बोंबलांवर १९९० च्या दशकाच्या अखेरीस युरोपीय संघाची बंदी आली होती. उघड्यावर वाळवलेली मासळी त्यांच्या मान्यताप्राप्त कारखान्यांतून येत नव्हती. पुढे तोडगा निघाला: वाळवायचं उघड्यावरच, भरायचं मात्र मान्य केंद्रात. ब्रिटनमध्ये बोंबील परत आला.

हापूसची कथा यांत सगळ्यांत लांब. आंब्याच्या कोयीत एक सोंड्या भुंगा राहतो आणि फळमाशी गरात अंडी घालते. १९८९ पासून अमेरिकेने भारतीय आंब्याला दार बंद ठेवलं. मार्च २००६ मध्ये अध्यक्ष जॉर्ज बुश दिल्लीत अणुकरारासाठी आले असताना त्यांनी भारतीय आंबे खायला आम्ही उत्सुक आहोत असं जाहीरपणे सांगितलं. दार उघडलं ते लासलगावात. भाभा अणुसंशोधन केंद्राने तिथे कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून किरणांचं एक केंद्र उभारलं होतं, त्याचं नाव कृषक. तिथे कोबाल्ट-६० च्या किरणांची किमान ४०० ग्रे मात्रा आंब्याला देतात. किडा लगेच मरतोच असं नाही, पण त्याची वीण थांबते, आणि नियमाला तेवढं पुरतं. २००७ च्या हंगामात पहिल्या पेट्या अमेरिकेत उतरल्या. १ मे २०१४ पासून युरोपनेही फळमाशीमुळे आंबा, वांगी, कारली, पडवळ आणि अळू यांवर बंदी घातली. ऐन हंगामात लंडनची पेटी हुकली. आंब्याला ४८ अंशांच्या पाण्यात तासभर बुडवण्याची सोय झाल्यावर पुढच्या हंगामाआधी बंदी उठली.

तरीही परदेशात हातात आलेला हापूस बहुधा निराश करतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत हापूसच्या वासावर तपशिलाने काम झालं आहे. कच्च्या फळात टर्पीन जातीच्या द्रव्यांचा वास असतो. ज्याला आपण हापूसचा वास म्हणतो ती लॅक्टोन आणि फ्युरानोन ही द्रव्यं फळ पिकत असतानाच तयार होतात. प्रवासाच्या हिशेबाने फळ कोवळं उतरवलं किंवा वाटेत फार गार ठेवलं तर हे काम अर्ध्यावर थांबतं. साल पिवळी होते, वास येत नाही. अढी घालून गवतात पिकवलेल्या आंब्याला तो वेळ मिळालेला असतो. म्हणून जाणकार लोक तिथे डब्यातला रस पसंत करतात, आणि मीही तोच सल्ला देईन. रस पिकल्या फळाचा काढलेला असतो.

जी माणसं कायमची गेली त्यांच्याकडे पाहिलं की रोजच्या जेवणाचं पुढे काय होतं ते दिसतं. कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, शतकानुशतकं तेलाचे घाणे चालवणारे बेने इस्रायली ज्यू १९४८ नंतर हजारोंनी इस्रायलला गेले. दिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद इथे त्यांनी घरं केली. मांसाबरोबर दूध चालत नाही या धर्मनियमामुळे त्यांच्या रश्श्यात आधीपासून नारळाचं दूध होतं, आणि गव्हाच्या चिकाचा हलवाही ते नारळाच्या दुधात शिजवतात. एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने पोहे, ओलं खोबरं, साखर आणि फळं यांचा मलिदा आजही होतो. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते बिरडं. मोड आलेल्या वालाचं बिरडं रायगडात कुणीही मंगळवारी-बुधवारी करतं. बेने इस्रायलींनी मात्र ते जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाच्या स्मरणातल्या उपवासाशी जोडलं आणि त्या दिवसाला बिरड्याचा रोजा असं नाव दिलं. पंचांगात जागा मिळाल्यामुळे एका रोजच्या भाजीची आठवण दर वर्षी नव्याने होत राहिली.

न्यू जर्सीत, बर्मिंगहॅममध्ये, मेलबर्नमध्ये काही घरांनी आता रविवार भाकरी-पिठल्याचा ठरवला आहे. मुलं ठेचा बाजूला सारतात, पिठलं खातात. अशा घरांना माझी एकच सूचना असते: पिठाच्या पिशव्या घेऊ नका, ज्वारीचा अख्खा दाणा घ्या. घरगुती विजेची चक्की पाश्चात्त्य देशांतही मिळते. रविवारी लागेल तेवढीच ज्वारी शनिवारी संध्याकाळी दळा, आणि पहिली भाकरी आधणाशिवाय थापून पाहा.